चोवीस ओळींचा कागद आणि सतरा महिने

क्लिनिकचा नंबर माझ्या फोनमध्ये अकरा दिवस नुसता पडून होता. अपॉइंटमेंट फक्त फोनवर मिळत होती, आणि अनोळखी माणसाला फोन करणं हाच तर माझा त्रास होता. शेवटी १२ फेब्रुवारी २०२४ ला, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. पलीकडच्या बाईंनी नाव आणि वय विचारलं आणि २ मार्चची वेळ दिली. चाळीस सेकंदांत काम झालं. त्यानंतर दहा मिनिटं मी पायरीवर बसून होते, हात थरथरत होते.

तुम्हीही असाच एखादा नंबर नुसता सेव्ह करून ठेवला असेल, तर घरच्या कुणाला तरी तुमच्या वतीनं फोन करायला सांगा. बऱ्याच ठिकाणी व्हॉट्सॲपवरही नंबर लावता येतो. मला हे माहीत नव्हतं, आणि विचारायचं तर पुन्हा फोनच करावा लागला असता.

मी नौपाड्यात वाढले. ठाण्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अख्ख्या महाराष्ट्रात ‘याला ठाण्याला पाठवा’ याचा एकच अर्थ होतो. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आमच्या गावात आहे, आणि शाळेत कुणी जरा वेगळं वागलं की पोरं हेच म्हणायची. ते शब्द कानात इतके मुरले होते की मनाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे काय, हे मी स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं.

त्रास काय होता, ते सांगते. आठवीत धडा वाचायला उभं केलं की अक्षरं दिसेनाशी व्हायची, कानशिलं तापायची, घशाला कोरड पडायची. बाईंना वाटायचं अभ्यास केलेला नाही. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चार जण बघत असताना मला घास गिळता येत नसे. लग्नात तीन उखाणे पाठ केले होते. घास भरवताना ‘नाव घे, नाव घे’ सुरू झालं आणि आवाजच फुटला नाही. नणंदेनं प्रेमानं बाजू सांभाळून घेतली, सगळे हसले आणि विषय संपला. माझ्यापुरता तो वर्षभर संपला नाही. रात्री झोपताना तोच क्षण पुन्हा पुन्हा समोर यायचा. सगळे मला बुजरी म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. स्वभावाला औषध नसतं, हे तर आपण लहानपणापासून ऐकतोच.

ऐरोलीला एका कंपनीत मी अकाउंट्समध्ये आहे. जानेवारी २०२४ मध्ये साहेबांनी टीम सांभाळायला विचारलं. काम येत होतं, पण महिन्यातून एकदा पंधरा जणांसमोर आकडे मांडावे लागणार होते. मी घरच्या अडचणी सांगून नाही म्हटलं. त्या संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत दाराशी उभी राहून रडले आणि घरी पोहोचल्यावर नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्याआधी एकदा एका डॉक्टरांकडे धडधडीची तक्रार घेऊन गेले होते. त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि ‘लोकांत मिसळा, आपोआप जाईल’ असं सांगितलं. लोकांत मिसळता येत असतं तर मी त्यांच्याकडे गेलेच नसते. त्या एका वाक्यात माझी दोन वर्षं गेली.

२ मार्चला शनिवारी अर्धा तास आधीच पोहोचले. ओळखीचं कुणी दिसेल या भीतीनं आधी समोरच्या फुटपाथवर थांबले. आत नऊ माणसं होती. कुणी कॉलेजची मुलगी, कुणी आजोबा, एक बाई छोट्या मुलाला घेऊन आलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नाव पुकारलं जाईल आणि सगळे वळून बघतील याचीच मला जास्त धास्ती होती. मी रिसेप्शनवर हळू आवाजात सांगितलं, तर त्यांनी नाव न पुकारता नुसती हाताने खूण केली. हे मागून घेता येतं, जरूर मागा.

डॉक्टरांनी पाऊण तास घेतला. फी १८०० रुपये. मग एक कागद पुढे ठेवला, त्यावर चोवीस ओळी होत्या. चारचौघांत फोन करणं, लोकांसमोर खाणं, कुणी बघत असताना लिहिणं, आधीच माणसं बसलेल्या खोलीत शिरणं, दुकानात वस्तू परत करणं, मीटिंगमध्ये बोलणं, असहमती दाखवणं. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: भीती किती, आणि टाळता किती. दोन्हींना शून्य ते तीन. न्यूयॉर्कच्या मायकेल लिबोवित्झ या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८७ मध्ये ही मोजपट्टी मांडली, एकूण गुण १४४. माझे ८२ आले. आकड्यापेक्षा मला त्या ओळींचंच जास्त वाटलं. दुकानात वस्तू परत करता न येणं हा फक्त माझा दोष आहे असं मी तेहतीस वर्षं समजत होते, आणि इथे ते छापलेलं होतं. म्हणजे असं होणारी माणसं इतकी असणार की कुणीतरी त्यासाठी ओळ लिहिली.

निदान सोशल अँग्झायटी डिसॉर्डर, म्हणजे चारचौघांत वावरण्याची आजाराएवढी वाढलेली भीती. डॉक्टर म्हणाले, ‘हा तुमचा स्वभाव नाही, आणि दुर्मीळ आजारही नाही.’ अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात याला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. १९८५ मध्ये लिबोवित्झ आणि सहकाऱ्यांनी जो आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी याला ‘दुर्लक्षित’ म्हटलं होतं. मी जन्मले तेव्हा या आजाराचा अभ्यास जेमतेम सुरू झाला होता. मग आमच्या बाईंना तो ओळखता आला नाही याचा राग मला धरवेना.

घरात आणखी कुणी असं आहे का, हेही त्यांनी विचारलं. मला बाबा आठवले. बाबा बँकेत बढती नाकारत राहिले, सोसायटीच्या सभेला कधी गेले नाहीत, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे. आम्ही त्यांना शांत समजत होतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून या आजाराचा काही भाग आनुवंशिक असतो हे दिसलं आहे. पण भाग म्हणजे भागच. एक कुठलं तरी ‘लाजरं जनुक’ असं काही नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ईसीजी यांचे १४५० रुपये झाले. थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड आणि थरथर होते, म्हणून ती तपासणी आधी. सगळं नॉर्मल आलं. ९ मार्चला सकाळी नाश्त्यानंतर एसिटालोप्रामची पाच मिलिग्रॅमची पहिली गोळी घेतली.

आता या भागाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण इथेच लोक औषध सोडतात. मीही सोडणार होते.

पहिल्या आठवड्यात मळमळ, जांभयांवर जांभया आणि तुटक झोप. तिसऱ्या दिवशी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. हे होऊ शकतं, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. नाहीतर मी त्याच दिवशी पट्टी कचऱ्यात टाकली असती. पंचविशीच्या आतल्यांना तर पहिल्या काही आठवड्यांत मनात मरणाचे विचार येत असतील, तर वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच कळवा, असं बजावून सांगितलं जातं. पंधरा दिवसांनी डोस दहा मिलिग्रॅम झाला. मळमळ दहाव्या दिवशी थांबली होती. चौथ्या आठवड्याच्या शेवटी हिशोब मांडला तर त्रास होता, खर्च होता, फरक मात्र काही नव्हता.

डॉक्टरांना विचारलं, ‘माझ्या मेंदूत सेरोटोनिन कमी आहे म्हणून ही गोळी, ना? मग भरून यायला इतके दिवस का?’ हे ‘केमिकल कमी’ मला भावानं सांगितलं होतं, आणि सगळीकडे तसंच ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, गोष्ट इतकी सोपी नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पेट स्कॅननं, म्हणजे मेंदूत काय चाललंय ते टिपणाऱ्या तपासणीनं मोजलं, तर सोशल अँग्झायटी असलेल्यांच्या अमिग्डलामध्ये सेरोटोनिन जास्त तयार होत असल्याचं दिसलं, कमी नाही. अमिग्डला म्हणजे मेंदूतला बदामाएवढा भाग, धोक्याची घंटा वाजवणारा. माझ्यासारख्यांच्या मेंदूत ही घंटा नुसत्या माणसांच्या चेहऱ्यांनीही वाजते.

गोळी पेशींमधला सेरोटोनिन परत ओढून घेणारा पंप काही तासांतच अडवते. आराम मात्र आठवड्यांनी पडतो. मधल्या काळात मेंदू त्या बदलाशी जुळवून घेतो. पेशींवरचे, स्वतःच्याच सेरोटोनिनला लगाम घालणारे ग्राही (रिसेप्टर) हळूहळू मंदावतात, हे त्याचं एक प्रमुख स्पष्टीकरण मानलं जातं. म्हणजे चौथ्या आठवड्यात ‘काही होत नाही’ असं मला वाटत होतं, तेव्हा आत काम चालू होतं. हे कळलं नसतं तर मला वाट बघता आली नसती. टाकी रिकामी आहे आणि भरायची आहे, असं समजणारा माणूस दर दिवशी टाकीत डोकावतो आणि निराश होतो.

डॉक्टरांनी आकडाही स्पष्ट सांगितला. सेरोटोनिनचा पंप अडवणाऱ्या याच गटातल्या पॅरोक्सेटिनची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली बारा आठवड्यांची चाचणी घ्या. औषध घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना चांगला फरक पडला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या आजारासाठी मंजूर केलेलं ते पहिलं औषध. म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीस जणांना त्या औषधाने तितका फरक पडला नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. कुणी खोटं आश्वासन देत नव्हतं. त्याच स्वीडिश गटानं २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. एसिटालोप्राम तीच, डोस तोच, पण ‘हे प्रभावी औषध आहे’ असं खरं सांगून दिलं तेव्हा फरक पडणाऱ्यांचं प्रमाण, तसं न सांगता दिलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. डॉक्टरांनी माझ्यासोबत घालवलेली ती वीस मिनिटंसुद्धा उपचारच होती, असं मी तेव्हापासून मानते. प्रश्न विचारायला वेळ न देणारे डॉक्टर भेटले तर बदला.

२७ एप्रिल, म्हणजे बरोबर सात आठवडे. गोखले रोडवर घेतलेल्या कुर्त्याची शिवण उसवलेली निघाली. दुकानात गेले, बदलून घेतला आणि बाहेर पडले. राम मारुती रोडच्या वळणावर आल्यावर लक्षात आलं की छातीत धडधडलंच नाही. काय बोलायचं ते आधी घोकलंही नव्हतं. मी तिथेच उभी राहून नवऱ्याला फोन केला. ‘मी कुर्ता बदलून आणला,’ एवढंच म्हटलं. तो काय समजायचं ते समजला.

औषधांबद्दल दोन गोष्टी, कारण ओळखीतल्या लोकांनी मला या दोन्ही सुचवल्या होत्या. एक, प्रोप्रानोलॉल, स्टेजवर जाण्याआधी घ्यायची धडधडीची गोळी. ठरावीक कार्यक्रमापुरती भीती असणाऱ्यांना ती दिली जाते. मला लहानपणी दमा होता, म्हणून डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. दम्यात ती धोकादायक ठरू शकते. शिवाय त्याच कुळातल्या अटेनोलॉलची फेनेल्झिन या दुसऱ्या प्रकारच्या औषधाशी तुलना १९९२ मध्ये झाली, तेव्हा सर्वत्र पसरलेल्या भीतीवर अटेनोलॉल फिकं पडलं. फेनेल्झिन चांगलं चाललं, पण ते घेताना मुरवलेल्या चीजसारख्या पदार्थांनी रक्तदाब एकदम चढू शकतो, म्हणून ते मागे पडलं. दुसरी, क्लोनाझेपाम. एका मैत्रिणीनं पर्समधून काढून अर्धी देऊ केली होती. त्या गोळीनं खरंच बरं वाटतं, पण सवय लागते, आणि सोडताना त्रास होतो. कुणाच्या पर्समधली गोळी घेऊ नका, इतकंच सांगते.

थेरपीसाठी पाच आठवडे थांबावं लागलं. २५ मेला पहिलं सेशन झालं. एकूण चौदा, दर सेशनचे १५०० रुपये. आधी दर शनिवारी, मग पंधरा दिवसांनी. इथे मला माझ्या लपायच्या जागा कळल्या: मीटिंगमध्ये पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरणं, प्रत्येक वाक्य मनात आधी जुळवणं, कॅमेरा बंद ठेवणं. या सगळ्यानं भीती कमी होत नव्हती, उलट टिकून राहत होती. सगळं लक्ष स्वतःवरच लागलेलं असायचं, समोरचा माणूस दिसतच नसे. थेरपिस्ट ताईंनी मला दोन मिनिटं बोलायला लावून मोबाइलवर चित्रण केलं. बघायच्या आधी ‘मी कशी दिसेन’ ते लिहून घेतलं. मी लिहिलं: तोंड लालभडक, आवाज कापरा. व्हिडिओत एक सावळी बाई जरा सावकाश बोलत होती, बस.

मग गृहपाठ. ठाणे स्टेशनवर नऊ नंबरच्या फलाटाचा रस्ता माहीत असूनही विचारायचा. टीएमटीच्या कंडक्टरकडे सुट्टे मागायचे. तलावपाळीला भेळवाल्याकडे ‘पुरी कमी, कांदा जास्त’ सांगायचं, आणि तिथेच उभं राहून खायची. मीटिंगमध्ये बोलता बोलता मुद्दाम तीन सेकंद थांबायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. गोळीनं घंटेचा आवाज कमी केला होता, पण खोलीत शिरायचं काम माझंच होतं. २००२ च्या एका छोट्या स्वीडिश अभ्यासात अठरा रुग्णांचे तीन गट होते: औषध, थेरपी आणि प्रतीक्षा यादी. नऊ आठवड्यांनी लोकांसमोर बोलताना अमिग्डलाची चलबिचल औषधानं आणि थेरपीनं, दोन्हींनी उतरली होती. बोलून बोलून मेंदूतली तीच जागा शांत होते, हे मला भेळेच्या गाडीसमोर उभं राहताना फार आधाराचं वाटायचं.

कागदपत्रांचं सांगायचं तर बिलं ऑफिसच्या विमा कंपनीला पाठवली आणि ती ‘ओपीडी खर्च बसत नाही’ म्हणून परत आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विम्यात मनाच्या आणि शरीराच्या आजारांना समान वागणूक द्यावी लागते, पण माझ्या पॉलिसीत शरीराच्या आजारांची ओपीडीसुद्धा नव्हती. पॉलिसी आधी वाचा, मग झेरॉक्स काढा. ऑफिसला कळेल अशी भीती असेल तर त्याच कायद्याचं कलम २३ लक्षात ठेवा, तुमची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर आहे. एका मेडिकलवाल्यानं भरगर्दीत मोठ्यानं ‘ही डिप्रेशनची गोळी कुणाला?’ असं विचारलं होतं. त्यानंतर मी जनऔषधी केंद्रात जाऊ लागले. ब्रँडच्या पट्टीपेक्षा तिथली कितीतरी स्वस्त पडते. चिठ्ठीवरची तारीख जुनी झाली की देत नाहीत, म्हणून पट्टीत सात गोळ्या उरल्या की नवी चिठ्ठी घ्यायची सवय लावून घेतली.

सगळं मिळून डॉक्टरांचे ११,७००, थेरपीचे २१,०००, तपासण्यांचे १,४५० आणि गोळ्यांचे साधारण ३,२०० रुपये झाले. साडेसदतीस हजारांच्या आत. माझ्यासाठी ही मोठी रक्कम आहे, दिवाळीचा बोनस त्यात गेला. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा विचार करावा, १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीला गुहागरला गेलो आणि गोळ्या घरीच राहिल्या. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, मान वळवली की झिणझिण. चिडचिड इतकी की आईवर ओरडले. एसिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण साधारण तीस तासांत निम्मं होतं, म्हणून दोन-तीन दिवसांतच असं होतं. चिपळूणहून गोळ्या आणवल्या, दुसऱ्या दिवशी थांबलं. तेव्हापासून एक पट्टी पर्समध्ये असते.

१४ नोव्हेंबर २०२४ ला पंधरा जणांसमोर मी आकडे मांडले. नऊ मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला घसा कोरडा पडला, तीन सेकंद थांबले, पाणी प्यायले, पुढे बोलले.

बरं वाटायला लागल्यावर लगेच बंद का करायचं नाही, तर परत येण्याची भीती असते. २००५ च्या चाचणीत एसिटालोप्रामनं बरं वाटलेल्यांतल्या काहींना खोट्या गोळीवर नेलं, तेव्हा त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अडीच पटीहून जास्त होता. म्हणून आम्ही वर्षभर थांबलो. १० मे २०२५ ला दहावरून पाच, २१ जूनला अडीच, २ ऑगस्टला बंद. अडीचवर आल्यावर आठवडाभर झोप बिघडली, झिणझिण हलकीशी आली आणि गेली. ही पायरी घाईनं उतरू नका.

ऑक्टोबरमध्ये तोच कागद पुन्हा भरला. गुण ३७. अनोळखी माणसाला फोन करणं अजून जड जातं, पार्टी देणं अजून टाळते. थेरपिस्ट ताईंकडे डिसेंबरची एक वेळ घेऊन ठेवली आहे.

दिवाळीत बाबा आले होते. चहा पिताना मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला, बाकी काही बोलले नाही. त्यांनी चष्मा लावला, ओळी वाचल्या, मग पेन मागितलं. ‘आधीच माणसं बसलेल्या खोलीत शिरणं’ या ओळीवर बराच वेळ थांबले. अकरा ओळी भरल्या आणि म्हणाले, ‘उरलेल्या उद्या बघतो.’ कागद अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे.